कालचं सांगा

सर अजून आहेत. हे आधीच सांगते, कारण कुणाविषयी असं आठवून लिहायला बसलं की वाचणाऱ्याला वाटतं, माणूस गेला असणार. गेलेले नाहीत. कडावच्या पुढे कालव्याच्या अंगाला त्यांचं घर आहे आणि पहाटे सव्वापाचला ते अजून पुलाच्या कठड्यावर येऊन बसतात, असं ऐकते. समोर आता फारसं कुणी नसतं, असंही ऐकते.

त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्यातलं कुणी ते कधी घेतही नसे. उभी नोकरी त्यांनी भिवपुरीच्या वीजघरात पाळ्या करून काढली, शाळेत एक तासही कधी शिकवलं नाही, तरी ते सर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावातली म्हातारी माणसंसुद्धा मला बाई म्हणतात, अहो-जाहो करतात. सर मात्र पहिल्या दिवसापासून 'गं'वर आले, आणि मला ते आवडलं होतं. आपल्याकडून काही काम करून घ्यायचं नसताना मला कुणी हाक मारली, असं खूप वर्षांत झालं नव्हतं.

त्यांचा उद्योग म्हणजे नोकरीधंद्यातल्या, संसारातल्या माणसांना लांब पल्ल्याचं पळायला शिकवणं. दहा किलोमीटर, एकवीस, आणि ज्याची तयारी होईल त्याला बेचाळीस. फी घेत नसत. खालापूरचे एक वकील, मोहोपाड्याच्या कारखान्यातले दोघे-तिघे, कडावचा एक तबेलेवाला, कर्जतचे काही दुकानदार असे पंधरा-सोळा पुरुष त्यांच्याकडे येत. सर स्वतः पळत नसत. कंपनीच्या जुन्या खाकी पॅंटी गुडघ्याला कापून त्याच घालत, थंडीत डोक्याला कानटोपी असे, पण कान बाहेर काढलेले. ते उघडे कान हीच त्यांची सगळी विद्या होती. आम्ही पळायला लागलो की ते सायकलवरून मागे मागे येत, मान खाली घालून, आणि पावलांचे आवाज ऐकत. वीजघरात मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो, आणि ज्याला तो कळला त्याची पाळी सुखात जाते, असं ते सांगत. माणसाचं तसंच आहे म्हणत.

मला त्यांनी आवाजावरूनच हेरलं. मी तेव्हा चौतिशीत होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून कालव्याच्या कडेने पहाटे अर्धा तास चालत असे. एक दिवस मागून सायकल आली, बराच वेळ मागेच राहिली. मी घाबरून कडेला झाले. तर हा खाकी चड्डीतला म्हातारा पाय टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "चालतेस कशाला गं? तुजा पाय पळायचा हाय." एवढं बोलून निघून गेला. चौथ्या दिवशी मी पुलावर जाऊन उभी राहिले.

पुलावर रोज एकच विधी चाले. सर कठड्यावर बसत, एकेकाला समोर घेत आणि म्हणत, "कालचं सांगा." मग त्याने आदल्या दिवसाचं सांगायचं. किती वाजता झोपला, काय जेवला, साहेब बोलला का, घरात कुणी आजारी आहे का, बायकोशी वाजलं का. सर जमिनीकडे बघत ऐकून घेत आणि एक आकडा सांगत. त्या दिवशी तेवढे किलोमीटर पळायचं, एकही जास्त नाही. त्यांचे दर ठरलेले होते. घरात दुखणं असलं की तीन कमी, झोप मोडली असली की चार, भांडण झालं असलं की पाच. "भांडण पायात उतरतं, रं," असं ते म्हणत. तबेलेवाला एकदा बायकोशी कडाक्याचं भांडून आला. सरांनी त्याला आकडाच दिला नाही, आधी मिटवून ये म्हणाले. तो बिचारा मोटारसायकलवरून घरी गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. मिटवलं म्हणाला. कसं मिटवलं, सरांनी विचारलं. तर त्याने बायकोला सांगितलं होतं, सरांनी तुझी माफी मागायला पाठवलंय, तू लवकर माफ कर, ऊन व्हायच्या आत मला पळायचंय. पुलावर आम्ही सगळे हसलो. सरही हसले. त्यांचे खालचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे ते हसले की फार निरागस दिसत.

या सगळ्यामागे एक कारण होतं आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. वीजघरातला त्यांचा जोडीदार पळणारा होता. रात्रपाळी संपवून, न झोपता, तसाच एका शर्यतीला गेला आणि रस्त्यातच कोसळला, परत आलाच नाही. त्याच्या घरी निरोप द्यायला सर गेले होते. निघताना त्याचा पाय जड पडत होता, मला ऐकू आलं होतं, मी गप्प राहिलो, असं सर म्हणाले. तेव्हापासून, ते म्हणाले, ज्याचं कालचं ठाऊक नाही त्याला मी आज पळवत नाही. शर्यत वर्षातनं एकदा असते, घर रोज असतं, घर सांभाळून उरेल तेवढंच पळायचं. हे सगळं मला तेव्हा पटलं, आणि अजूनही, खरं सांगायचं तर, त्यातलं काही खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. ते लिहिलं पाहिजे, नाहीतर मी अन्याय करते आहे असं होईल. पुलापासून कशेळ्याच्या बाजूला रस्ता जातो. थंडीत तिथे शेतांवर धुकं बसलेलं असे आणि कालव्याच्या पाण्यातून वाफ निघत असे. पाचव्या-सहाव्या किलोमीटरनंतर डोक्यातलं सगळं बोलणं बंद होई. सासूबाईंचं पथ्य, मुलीची वह्या-पुस्तकं, शाळेतले फॉर्म, सगळं. फक्त पाय आणि श्वास. लग्नानंतर बारा वर्षांत मला अशी शांतता घरात, माहेरी, कुठेच मिळाली नव्हती. पहिल्यांदा दहा किलोमीटर झाले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. सर सायकल धरून उभे राहिले, दुसरीकडे बघत. मग म्हणाले, "आता घरी जा गं. चहाची येळ झाली."

कुणालाही घेण्याआधी सर त्याच्या घरी जात. घर बघितल्याशिवाय मी पळवत नाही, असं सांगत. आमच्याकडे आले ते थेट सासूबाईंसमोर बसले. तुमची सून पहाटे पळायला आली तर चालेल का, तुमचा चहा चुकणार नाही, डबे चुकणार नाहीत, तिने काही चुकवलं तर मला निरोप धाडा, मी बंद करीन, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. सासूबाईंना ते फार आवडले. माझा नवरा मोहोपाड्याच्या एका कंपनीत पाळीवर जातो, तो त्या दिवशी घरी होता, खाटेवर बसून हे सगळं ऐकत होता. सरांनी त्याला एक अक्षर विचारलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. परवानगी मिळाली याच आनंदात होते.

वकिलांच्या घरीही ते असेच गेले होते. तिथे काय बोलले ते मला पुढे वकिलांच्या बायकोकडून कळलं. नऊनंतर मुलांचा आवाज होऊ देऊ नका, त्यांना झोप लागली पाहिजे. रात्री उशिरा जेवायला वाढू नका. सासूबाई हाक मारतील तेव्हा तुम्ही उठा, त्यांना उठवू नका. ती हे कौतुकाने सांगत होती. सर किती बारकाईने बघतात म्हणाली.

दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात यायला लागलं. पुलावर उभी राहून मी रोज खरं सांगत असे. काल सासूबाईंची साखर कमी झाली होती. मुलीला ताप होता. मतदार यादीचं काम घेऊन वाड्या फिरले, घरी यायला अंधार पडला. सर ऐकून घेत आणि सांगत, "चार." कधी, "पाच." एकदा तर म्हणाले, "आज नुसती चाल." माझ्यामागे वकील उभे असत. त्यांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, दोन मुलं, कोर्टातली कामं. ते म्हणत, काल विशेष काही नाही सर, साडेनऊला झोपलो. "सोळा," सर सांगत.

वकील खोटं बोलत नव्हते. त्यांचा काल खरोखरच तसा गेलेला असे.

एक दिवस सगळे निघून गेल्यावर मी सरांना विचारलं. म्हटलं, वर्षभर मी नेमाने येते आहे, एक दिवस चुकवला नाही, आणि तुम्ही मला आठवड्याला वीस किलोमीटरच्या वर जाऊ देत नाही. असं कधी मी बेचाळीस पळणार?

"तुजं घर जड हाय," सर म्हणाले. "मी काय करू? पायांना ते कळतं."

"वकिलांचं घर हलकं आहे का? त्यांची आई अंथरुणाला आहे."

"ते बगायला मानूस हाय त्यांच्याकडं."

"त्यांची बायको?"

"तीच."

आज कालव्याला पाणी किती आहे हे सांगावं, तशा आवाजात ते बोलले. त्यात कसलीही कुचेष्टा नव्हती. मी आणखी काही बोलले असते, तर त्यांना कळलंही नसतं मी कशाविषयी बोलते आहे. ते सायकलवर बसले आणि गेले.

रविवारी लांबचं पळून झालं की सगळे सरांच्या घरी जमत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सगळ्यांना नाचणीची आंबील देत. पंधरा-सोळा जणांची आंबील म्हणजे त्या साडेतीनला उठत असणार. पुरुष ओटीवर पाय पसरून बसत आणि मी आत जाऊन पेले विसळत असे. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप जात असे. एकदा काकूंनी मला विचारलं, "तुमाला पुलावर रोज काय इचारतात गं ते?"

मी सांगितलं. काल झोप झाली का, जेवलात का, काही दुखतंय का, कुणी बोललं का, असं सगळं विचारतात म्हटलं.

"असं?" काकू म्हणाल्या.  मोठं पातेलं उचलून मोरीत नेलं आणि घासायला बसल्या.

त्या दिवाळीनंतर मी खोटं बोलायला लागले. पहिल्या दिवशी वाक्य घरूनच पाठ करून गेले होते. काल काही नाही सर, साडेनऊला झोपले. सरांनी खालची नजर वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बारा." बारा किलोमीटर मी अशी पळाले की मला वाटलं, हे एवढं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी पाठ करावं लागलं नाही. महिन्याभरात मी आठवड्याला पन्नासवर गेले. घरातलं काहीच कमी झालं नव्हतं. फक्त ते पुलावर सांगायचं बंद केलं होतं. साडेतीनला उठून भाजी चिरून, कणीक मळून ठेवत असे. शाळेत मधल्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकून दहा मिनिटं झोपत असे. हिवाळ्यात शहरातल्या मोठ्या शर्यतीला जे पाच जण जाणार होते, त्यांत सरांनी माझं नाव घातलं. त्या दिवशी मी घरी जाऊन साखरभात केला. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही.

त्याच सुमारास वकिलांची गोष्ट घडली. एका पहाटे पळता पळता सरांनी मागून हाक मारून त्यांना थांबवलं. उजवा पाय हलका पडतोय, घरी जा, पंधरा दिवस यायचं नाही, असं सांगितलं. वकील चिडले. मला काही होत नाही, शर्यत तोंडावर आलीय, म्हणाले. सर सायकल आडवी घालून रस्त्यात उभे राहिले. शेवटी वकील डॉक्टरकडे गेले, तर हाडाला सूज निघाली. आणखी आठवडाभर पळाले असते तर तडा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवस बसून ते परत आले आणि शर्यत त्यांनी पूर्ण केली. पुलावर सगळ्यांनी सरांच्या कानांना हात जोडले.

माझी डावी नडगी तेव्हाच दुखायला लागली होती. आधी पळून झाल्यावर दुखे, मग पळताना, मग जिना उतरताना. मी तेल लावून, फडकं बांधून पळत होते. शर्यतीच्या तीन आठवडे आधी आमचं सगळ्यात लांबचं पळणं होतं, बत्तीस किलोमीटरचं. पुढचे पुढे गेले, मी मागे एकटी राहिले आणि सर माझ्या मागे आले. आठ-नऊ किलोमीटर ते माझ्या मागे होते. सायकलच्या साखळीचा आवाज मला ऐकू येत होता. माझा पाय कसा पडतोय ते मलाच ऐकू येत होतं, तर त्यांना येणारच. मी वाट बघत होते की आता हाक येईल. घाबरले होते, आणि आता वाटतं, हाक यावी असंही मनात होतं. कारण थांबायला मला स्वतःला जमणार नव्हतं.

सर शेजारी आले. म्हणाले, "काल झोपलीस?"

"झोपले."

ते थोडा वेळ तसेच बाजूने चालवत राहिले. मग पायडल मारून पुढे निघून गेले.

शर्यतीत एकोणतिसाव्या किलोमीटरला हाड गेलं. आवाज झाला. लोक म्हणतात तसा कटकन वगैरे नाही, ओली काठी वाकवावी तसा. मी रस्त्यावर बसले आणि मला उठता आलं नाही. स्वयंसेवकांनी उचलून कडेला नेलं. माझ्या पुढून लोक पळत होते, मला हात दाखवत होते, शाबास म्हणत होते.

दीड महिना पाय टेकायचा नव्हता. त्या दीड महिन्यात काय झालं ते सांगते. नवऱ्याने पाळी बदलून घेतली. त्याला भात करता येतो, आमटीही येते, हे मला लग्नानंतर चौदा वर्षांनी कळलं. नणंद येऊन आठवडाभर राहिली. सासूबाई स्वतःची इंजेक्शनं स्वतः घ्यायला शिकल्या. मुलगी आपली आपण शाळेला जायला लागली. घर बिनबोभाट चाललं. कुणाचंच काही अडलं नाही. मी खाटेवर पडून हे बघत होते आणि मला आनंद होण्याऐवजी असा संताप येत होता की भिंतीकडे तोंड करून पडत असे. पायावर उभी राहिले त्या दिवशी सगळे आपापल्या जागी परत गेले.

सर बघायला आले नाहीत. काकू आल्या, नाचणीचे लाडू घेऊन. बसल्या, पायावरून हात फिरवला. घरात सर फार अस्वस्थ आहेत म्हणाल्या, जेवत नाहीत नीट. मग सहज बोलून गेल्या, "मला म्हनाले, तिच्या पायाचा आवाज तीन आठवडं येत व्हता."

मला आधी नीट कळलंच नाही. त्या गेल्यावर कळलं.

चालता यायला लागल्यावर पहिल्यांदा मी शाळेत गेले नाही, सरांकडे गेले. अंगणात ते सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होते. मला बघून उठले नाहीत. मी उभीच राहिले.

"सर, तुम्हाला आवाज आला होता?"

"आला व्हता."

"कधी?"

"बत्तीसच्या दिवशी. त्याच्या आदीबी."

"मग मला थांबवलं का नाही? वकिलांच्या पुढ्यात तुम्ही सायकल आडवी घातली होती."

त्यांनी साखळी एकदा फिरवली. "मी तुला इचारलं व्हतं. तू म्हनालीस झोपले. जो मानूस मला काल खोटा सांगतो त्याला मी शिकवत नाय."

"खरं सांगितलं असतं तर चार किलोमीटर दिले असते तुम्ही."

"दिले असते."

"मग मी करायचं काय होतं?"

त्यांनी फिरतं चाक हाताने थांबवलं.   मग माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "हाड जुळतं गं."

त्यांनी मला त्यांच्या त्या जोडीदाराची गोष्ट सांगितली होती. जड पडणारा पाय ऐकून गप्प राहिल्याचं ओझं त्यांनी इतकी वर्षं वाहिलं होतं. त्या ओझ्यावर पुलावरचा सगळा कारभार उभा होता. आणि माझ्या वेळी ते पुन्हा गप्प राहिले, या वेळी चुकून नव्हे, ठरवून. मी खोटं बोलले याचा त्यांना राग आला होता. मी मेले नाही, नुसतं हाड मोडलं, हे नशीब. मी हे सगळं त्यांना बोलायला हवं होतं. बोलले नाही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याकडे बघून मी निघाले.

त्यानंतर पुलावर गेले नाही. वर्षभराने मी पुन्हा पळायला लागले, पण गावामागच्या कच्च्या रस्त्याने, एकटी, कुणाला काही न सांगता. काल काय झालं ते कुणाला सांगायचं नाही आणि आज किती पळायचं ते कुणाला विचारायचं नाही. आठवड्यातून तीनदा, जेवढं वाटेल तेवढं. शर्यतीला नाव घातलं नाही. पुलावरची माणसंही हळूहळू कमी होत गेली म्हणे. वकिलांनी गाडी घेतली आणि पनवेलच्या एका गटात जायला लागले. तिथे घड्याळं आहेत, मोबाइलवर सगळं दिसतं.

अडीच-तीन वर्षं गेली असतील. एका रविवारी दुपारी सर आमच्या दारात उभे. सासूबाईंनीच कौतुकाने आत घेतलं. ते वाळले होते. चहा होईपर्यंत सासूबाईंशी गुडघेदुखीचं बोलले. मग माझ्याकडे वळले. कर्जतच्या पाच जणी त्यांच्याकडे आल्या होत्या, पळायला शिकवा म्हणून. नोकरी करणाऱ्या, दुकानात बसणाऱ्या, लेकुरवाळ्या. महिनाभर सरांनी बघितलं होतं.

"त्यांचं तू बग," सर म्हणाले. "मला बायकांचं जमलं नाय. तुजंबी नाय जमलं."

हे बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते मला दिसत होतं.  माफीच्या इतक्या जवळ ते आयुष्यात कुणापाशी आले नसतील. काकूंपाशीही नाही. आणि मला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

"मला वेळ नाही, सर," मी म्हटलं.

वेळ होता. मुलगी तोवर ठाण्याला वसतिगृहात राहायला गेली होती. नवरा संध्याकाळचा भात स्वतः लावत होता, माझ्या आजारपणातलं तेवढं एक शिल्लक राहिलं होतं. आणि त्या पाच जणींना काय लागेल ते माझ्याइतकं या तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

"आठवड्यातनं एक दिस?"

"एकही नाही."

सर उठले. सासूबाईंना नमस्कार केला आणि गेले. मी कपबशी उचलून आत नेली आणि कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिले. आपण जिंकलो असंच मला वाटत होतं.

यंदा सासूबाईंच्या गोळ्या आणायला मी कर्जतला स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात गेले होते. तिथे एक बाई बसते, तिशीच्या आतबाहेरची. गोळ्या काढता काढता तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही त्या पळणाऱ्या बाई ना? कडावच्या?"

पूर्वी पळत होते म्हटलं.

ती म्हणाली, "आम्ही पाच जणी गेलो होतो सरांकडे. मला आवडायला लागलं होतं. पण घरी म्हणाले, म्हाताऱ्या माणसाच्या मागे पहाटेचं जायचं नाही. बाई शिकवणार असतील तर जा."

"मग?"

"मग काय. तुम्हाला वेळ नव्हता ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कात्रीने पट्टी कापून तिने दहा गोळ्या मोजल्या, कागदी पाकिटात घातल्या, जेवणाआधी की नंतर ते पाकिटावर लिहिलं. आता पळता का, असं मी विचारलं नाही. तिच्या बाकीच्या चौघींचं काय झालं, तेही विचारलं नाही. पाकीट पर्समध्ये टाकलं आणि घरी आले.

पुढच्या महिन्यापासून सासूबाईंच्या गोळ्या मी दुसऱ्या दुकानातून आणते.